छत्तीस वर्षांनी निर्मळच्या यात्रेला, आणि तिथून पुढे वाडीवर

पोस्टातली_पोर

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी आईच म्हणाली, "लिही, पण माझ्या शिवणाचं काढू नकोस." खरं तर तेवढंच लिहिण्यासारखं आहे, म्हणून ते शेवटी घेते. आईला हा धागा दाखवणारा फितूर इथे कुणी नसावा.

बाबा पोस्टात होते. १९८० च्या जूनमध्ये त्यांची मिरजेहून वसईला बदली झाली. वसई शहरात नव्हे, पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये, नंदाखाल आणि निर्मळच्या मधे कुठेतरी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिकडे एवढ्याशा खुणेवरून घर सापडतं. राहायला मिळाल्या त्या एका कुपारी घराच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या. मी चार वर्षांची. आई मिरजेच्या देशस्थ घरातली, मासळीचा वास आला की पदर नाकाला लावणारी. घरमालकिणीला अख्खी वाडी बाय म्हणायची, म्हणून आम्हीही बायच म्हणू लागलो. बायनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "विहीर कुठली वापरणार?" आईला वाटलं, झालं, शिवाशिव निघाली. तिचा चेहरा पडला. बायला एवढंच सांगायचं होतं की पुढच्या विहिरीचं पाणी चैत्रापासून मचूळ होतं, मागच्या विहिरीचं गोड राहतं, तर तुम्ही मागची घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कुपारी म्हणजे वसईचे सामवेदी ख्रिस्ती. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, ख्रिस्ती झालेले. बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता तो पोर्तुगीजमध्ये 'कोंपाद्रे', त्याचं होत होत कुपारी झालं असं सांगतात. आडनावं लोपीस, तुस्कानो, घोन्साल्विस, परेरा, बोली कादोडी, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं. शेजारचे हिंदू सामवेदीही कादोडीच बोलतात. लहानपणी मला धर्मावरून माणसं वेगळी करता यायची नाहीत, कुणाकडे म्हैस आहे आणि कुणाकडे नाही यावरून यायची.

आता मुद्द्याचं. तेव्हा रविवारची पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अंधारात असायची. आई कुरकुरायची, "यांचा देव झोपत नाही की काय?" देवाचा काही संबंध नव्हता, सगळा कारभार विरार लोकलचा. मोगरा, चाफा, विड्याची पानं, केळी, भाजी, सगळं मुंबईला जायचं, फुलं तर दादरला पोचायलाच हवीत. ज्यांना टोपल्या घेऊन निघायचं असे ते मिस्सा ऐकून थेट स्टेशनची वाट धरत. चर्चच्या पायऱ्यांखाली टोपल्यांची रांग, प्रत्येकीवर ओलं फडकं. आत वेदीपर्यंत मोगऱ्याचा वास. मिस्सा मराठीत, पण बायच्या पिढीनं व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेच्या आधीची, म्हणजे १९६५ पर्यंतची, लॅटिन मिस्सा ऐकलेली. ती संध्याकाळी ओटीवर जपमाळ घेऊन बसली की मधेच 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) यायचं, त्याच दमात म्हशीला शिवी, आणि पुन्हा 'ओरा प्रो नोबिस'. लोकांना मोगऱ्यावरून लग्नं आठवतात, मला लॅटिन आठवतं.

मी सात वर्षांची असताना एकदा मैत्रिणींच्या मागे कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सातल्या प्रसादाच्या, रांगेत उभी राहिले. त्या जिभा बाहेर काढत होत्या म्हणून मीही काढली. फादरांनी माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि वाकून हळूच म्हणाले, "बाबांना सांग, पंचवीस पैशांची तिकिटं संपलीत." मी घरी येऊन अगदी गंभीरपणे निरोप दिला.

१९८८ ला पुन्हा बदली झाली, तीही घाईची. त्यानंतर जाणं झालंच नाही. ठाण्याहून वसई किती लांब? पण नाही झालं.

या खेपेला आईनं हट्ट धरला, निर्मळच्या यात्रेला जायचं. कार्तिक वद्य एकादशीला शंकराचार्यांच्या समाधीपाशी ती यात्रा सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. आम्ही पहिल्या रविवारी, १ डिसेंबरला गेलो. बेत माझा: आधी अंधारातली पहिली मिस्सा, मग यात्रा, मग बाय. लेकीला आठवडाभर सांगत होते, बघ, पहाटे टोपल्या कशा लागतात ते. साडेतीनला ठाण्याहून निघालो, पावणेपाचला चर्चपाशी. फाटकाला कुलूप. आत सीसीटीव्हीचा एक लाल ठिपका. राखणदार डोळे चोळत आला आणि म्हणाला, "पहिली मिस्सा साडेसहाला." लेक मागच्या सीटवर पुन्हा आडवी झाली, जाताना एवढंच बोलली, "आई, तुझा देव झोपायला शिकला."

टोपल्या एकदोनच दिसल्या, आणि त्या टेंपोत. साडेसहाला लोक आले ते गाड्या लावून, इस्त्रीचे कपडे घालून. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, वेदीजवळ चार मेणबत्त्यांपैकी एकच पेटवलेली. गायनमंडळात हार्मोनियमच्या जागी कीबोर्ड आला आहे, तबला मात्र तोच, निदान ठेका तरी तोच. आई शेवटच्या बाकावर हात जोडून बसली. तिला उठायचं-बसायचं कधी ते सगळं आठवत होतं, माझं दोनदा चुकलं.

मिस्सा सुटल्यावर कुणी हललंच नाही. तासभर पटांगणात घोळके. म्हातारी माणसं कादोडीत बोलत होती, नातवंडं त्यांना मराठीत उत्तर देत होती आणि आपसात इंग्रजीत. पूर्वी पटांगणात कोण थांबायचं? वेळ कुणाला होता? भेटीगाठी विहिरीवर, बावखलाच्या काठी, रहाटाशी, स्टेशनच्या वाटेवर व्हायच्या. चर्चमध्ये भेटलेच तर डोळ्यांनी. आता या वाडीतला माणूस त्या वाडीतल्या माणसाला आठवड्यात भेटतो तो इथेच. मला आठवणारी वाडी पाण्याभोवती गोळा झालेली होती आणि चर्चचं घड्याळ त्या पाण्यावर चालत होतं. आता उलटं झालंय.

घर सापडलं ते आईमुळे. मी पुढे निघून गेले होते. तीन मजली झालंय. रहाटाचं लोखंडी चाक कुंपणाला टेकवून त्यावर मनी प्लांट सोडलाय. मागच्या विहिरीवर जाळी आणि मोटर. घोटभर पाणी मागून प्यायले, मचूळ. मागचीही गेली. सून म्हणाली, प्यायला टँकर नाहीतर बाटल्या.

बाय आता नव्वदीच्या पुढे. ऐकू फार कमी येतं. पलंगावर बसून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, केळीच्या सोपटात बांधत होती, गाठ मारताना सोपटाचं टोक दातात धरून. दात दोनच उरलेत, पण नेमके तेच कामाचे. आईकडे नीट पाहिलं आणि म्हणाली (कादोडीत, मी माझ्या मराठीत लिहिते), "पोस्टीण. म्हातारी झालीस."

आता शिवणाचं. आम्ही घाईत निघालो तेव्हा शेवटच्या महिन्याचं भाडं, एकशेवीस रुपये, द्यायचं राहिलं. बाबा मनीऑर्डर करणार होते, स्वतः पोस्टात असून केली नाही. छत्तीस वर्षं आईला ते टोचत होतं. बाबा असते तर पोस्टाच्या बचत खात्याच्या दरानं व्याज मांडलं असतं. आईनं सरळ दोन हजार पाकिटात घातले आणि ते बायच्या हातात दिलं. बायनं आत डोकावून पाहिलं, पाकीट परत आईच्या मांडीवर ठेवलं आणि बोटं मोडत हिशेब सांगितला. त्या वर्षी वाडीतल्या मुलींचं फर्स्ट कम्युनियन होतं, आईनं आमच्या शिलाई मशीनवर सहा पांढरे फ्रॉक शिवून दिले होते. विसाप्रमाणे सहा. एकशेवीस. "मिटलं की तेव्हाच. तू कशाला पळालीस न सांगता?"

आई गाडीत हायवे लागेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "मी काय पैशांसाठी शिवले होते का?" तिला त्याचाच राग आला होता, आणि घोडबंदर येईपर्यंत तो पुरला.

तर माझा प्रश्न. तुमच्याकडे, किनाऱ्यावरच्या इतर गावांत, चर्चची वेळ कशावरून ठरायची? आणि आता?

कुपारी_कट्टा

ताई, डोळ्यांपुढे सगळं उभं केलंत. मी तिथलाच, वाडी तुमच्या शेजारचीच असणार, पण ओळख काढत नाही.

एक भर घालतो. बावखल म्हणजे नुसतं तळं नव्हे. आमची जमीन समुद्राला इतकी जवळ की खाली खारं पाणी असतंच, त्याच्या डोक्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगत राहतं. बावखल ते गोडं पाणी वर्षभर जमिनीत जिरवत राहायचं, म्हणून आजूबाजूच्या विहिरी जिवंत. रहाटानं उपसा व्हायचा तो कितीसा? रेडा दमला की रहाट थांबला, तेवढ्यात विहीर पुन्हा भरली. मोटर दमत नाही. त्यात टँकरवाल्यांनी रात्रंदिवस उपसलं आणि खालचं खारं वर आलं. वर आलेलं खारं पाणी परत खाली जायला वर्षानुवर्षं लागतात. तुमच्या मागच्या विहिरीचं तेच झालं. मग विहीर वापरात नाही, तर बावखल कशाला हवं, टाका भराव, मारा बंगला. जुलै २०१८ ला वसई पाण्याखाली गेली, गाड्या बंद, वीज बंद, तेव्हा आमचे बाबा पडवीत उभं राहून बोट दाखवत होते: इथे एक बावखल होतं, तिथे एक होतं. पाणी बरोबर तिथेच येऊन बसलं होतं.

याविरुद्ध नव्वदच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले ते हरित वसईच्या नावानं, आणि पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तेच पुढे २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मूळचे आमच्या नंदाखालचे. २५ जुलै २०२४ ला गेले. तुम्ही डिसेंबरात आलात तेव्हा पटांगणातल्या घोळक्यांत निम्मी बोलणी त्यांचीच असतील.

तेव्हा 'चर्चचं घड्याळ पाण्यावर चालायचं' हे पटलं. 'आता उलटं झालंय' याला मात्र अर्धीच मान डोलावतो. पाण्यासाठी लोक जमले तेही चर्चच्या पटांगणातच जमले होते.

सडेतोड

छान आठवणी. पण पोर्तुगिजांनी कसं बाटवलं, त्याबद्दल एक ओळ नाही? चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली ती का, हेही लिहा. गोड गोड लिहिणं सोपं असतं.

कुपारी_कट्टा

सडेतोडजी, आमच्या पूर्वजांवर काय गुदरलं ते आम्हाला तुमच्याइतकंच ठाऊक आहे, थोडं जास्तच. मंडळी आमची होती. पोर्तुगीज १७३९ ला गेले. गोरे पाद्री त्यांच्याबरोबर गेले. मागे उरले ते इथलेच फादर आणि इथलीच माणसं, राजा पाठीशी नाही, पैसा नाही. मिस्सा पुढे सव्वादोनशे वर्षं लॅटिनमध्ये, घरात कादोडी, शेतात कादोडी, भांडण कादोडीत. या चर्चला परदेशी म्हणायचं तर मग आमच्या वाडीतली मिरचीही परदेशी, तीही त्याच गलबतातून आली.

घंटांचंही सांगतो. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर १७०७. आमची आजी नाशकाला गेली होती, मुद्दाम गोदावरीच्या काठी जाऊन पाहून आली. घरी येऊन म्हणाली, "बरी आहे. चांगल्या घरी नांदतेय." एवढंच.

धागा_राखणदार

धागा वसईच्या वाडीचा आहे, १७३९ चा नाही. दोन्ही बाजूंचं एकेक झालं, आता पुढे.

उत्तनचा_बोंबील

आमचं सांगतो. आम्ही उत्तनचे ख्रिस्ती कोळी. आमच्याकडे घड्याळ लोकलचं नाही, उधाण-भांगाचं, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचं. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला ओढ जोरात, तेव्हा बोटी बाहेर. भांगाला ओढ मंद, तेव्हा माणसं घरी. त्यामुळे चर्चमध्ये कधी नुसत्या बायका, कधी बाप्येही. लहानपणी आम्ही बाकांवर बाप्ये किती ते पाहून भरती-ओहोटीचा अंदाज बांधायचो. आता सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै. त्या दोन महिन्यांत चर्च गच्च. ऑगस्टच्या तोंडावर फादर किनाऱ्यावर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात. माझा आजा त्याआधी नारळ द्यायचा दर्याला. फादर बघायचे, काही बोलायचे नाहीत. नारळ झाला की मग त्यांचं पाणी.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. गंमत अशी की आता आमच्या गावात भातशेती म्हणावी अशी उरली नाही. गेल्या खेपेला लोंब्या बाहेरून आणल्या. आई म्हणाली, विकतच्या लोंब्यांवर आशीर्वाद चालतो का? फादर म्हणाले, मासळी विकत घेणाऱ्याचं पोट भरतं ना, तसंच.

विहिरीतला_बेडूक

सुकेळी कुठे मिळतील? ठाण्यात मिळतात का? बाकी लेख छान.

पोस्टातली_पोर

बेडूकराव, तुम्ही तेवढंच वाचलंत हे उघड आहे. यात्रेत मिळतात. राजेळी केळी लागतात, दुसरी चालत नाहीत. पूर्ण पिकली की सोलून उन्हात मांडायची, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. आठवडाभरात तपकिरी होतात, मध सुटल्यासारखी चिकट. मग केळीच्या वाळल्या सोपटात घट्ट बांधायची. साखर नाही, काही नाही. ढग आला की मेहनत पाण्यात. बाय लहानपणी आम्हाला कावळे हाकायला बसवायची, पगार रोजचं अर्धं सुकेळं. आता घरी जाळीचं कपाट केलंय, माशी-कावळा काही नाही. लेकीनं विचारलं, मग लहान मुलं काय करतात? सून म्हणाली, क्लासला जातात.

रेवदंडेकर

या विषयावर कोर्लईचं नाव निघू नये म्हणजे काय! माझं आजोळ रेवदंड्याला. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी गाव, गावात ख्रिस्ती वस्ती आणि कार्मेल मातेचं चर्च. १७४० ला किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण या वस्तीची भाषा राहिली. मोडक्या पोर्तुगिजीत मराठी मिसळून झालेली, ते स्वतः तिला 'नऊ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे हजाराच्या आसपास. इकडच्या हिंदू-मुसलमानांशी सोयरीक नाही, तिकडे गोव्याशी येणंजाणं नाही, मधे खाडी. म्हणून अडीचशे वर्षं टिकली.

मी लहान असताना पलीकडे तरीनं जायचो. तर लागली की नावाडी आजोबांशी मराठीत बोलायचे, आणि त्या वस्तीतली बायामाणसं आपसात जे बोलायची त्यातला एक शब्द कळायचा नाही. मला वाटायचं आमच्याबद्दलच बोलतायत. १९८६ ला साळावचा पूल झाला. त्यानंतर शाळा, नोकऱ्या, एसटी, सगळं मराठीतच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कार्मेल मातेचा सण १६ जुलैला. ऐन पावसात, छत्र्या धरून. पुलाआधी त्या दिवशी बाहेरचं माणूस पोचायचंच नाही, खाडी खवळलेली. सण पूर्णपणे त्यांचा त्यांचा. आता गाड्या येतात, मीही जातो. आणि दर वेळी वाटतं, आपण त्या पुलावरूनच आलो.

पोस्टातली_पोर

रेवदंडेकर, शेवटची ओळ लागली. मीही त्या दिवशी पटांगणात मोबाइल काढला होता, कादोडी रेकॉर्ड करावी म्हणून. एका आजोबांनी पाहिलं आणि एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागले, सभेत बोलतात तसं. मी फोन पर्समध्ये टाकला, तरी पाच मिनिटं ते काही कादोडीवर आले नाहीत.

मालवणी_मेवा

मस्त लिवलास गो. आमच्याकडे हिंदू काय नि किरिस्तांव काय, सगळे मालवणीच बोलतत, त्यामुळे आमका ह्यो प्रश्न पडलोच नाय. पण तुझ्या आवशीचो राग माका समाजलो. हिशेब मिटलो काय नातां पण मिटला असां वाटता माणसाक.

कुपारी_कट्टा

मेवाभाऊ, इथेच जरा चुकतंय असं वाटतं. आमच्यात हिशेब लक्षात ठेवणं म्हणजेच माणूस लक्षात ठेवणं. रहाटाची पाळी, पाण्याचे तास, कुणाच्या लग्नात कुणी किती फुगे (आंबवलेल्या पिठाचे गोळे) तळले, कुणी इंद्यालाच्या रश्श्याला किती हातभार लावला, सगळं तोंडपाठ असतं. वही कुणी ठेवत नाही. बायला छत्तीस वर्षांनी फ्रॉकचा आकडा आठवतो, यात पैशाचा संबंध कमी आहे. ज्या भाडेकरूचा हिशेब ती विसरली ते भाडेकरू तिच्या लेखी नव्हतेच.

सडेतोड

कट्टाजी, मिरचीचं वाक्य घरी सांगितलं, बायको दोन दिवस हसतेय. नाशिकला मेहुणा आहे, घंटा पाहून येतो.

एक विचारायचं होतं. वसईचा कुणी संत आहे ना?

कुपारी_कट्टा

आहे की. गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मले, बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ ला रोमनं संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले संत. घंटा पाहून झाली की इकडेही या, किल्ल्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे. चहा माझ्याकडे.

उत्तनचा_बोंबील

पोस्टातली ताई, ते दोन हजारांचं पाकीट शेवटी कुठे गेलं?

पोस्टातली_पोर

आईनं परत नेलं नाही. निघताना चर्चच्या दानपेटीत टाकायला निघाली होती, तर सून म्हणाली, टाकू नका, बायला कळलं तर म्हणेल माझ्या नावचं परस्पर देवाला दिलं. मग यात्रेत गेलो आणि आईनं त्याचं एक पितळी पातेलं घेऊन बायला पाठवलं. बायनं ते उलटं करून बुडाला टिचकी मारून पाहिलं म्हणे आणि ठेवून घेतलं. भांड्याला नाही म्हणत नाहीत बहुतेक.

पोस्टातली_पोर

पुन्हा मीच. आईनं धागा वाचला. फितूर कोण ते कळलंय, तिला दोन दिवस नेट बंद आहे.

आई अपेक्षेइतकी चिडली नाही. एकच दुरुस्ती सांगितली: फ्रॉक सहा नव्हते, सात होते, सातव्याचा हिशेब बायनं धरलेला नाही. मी म्हटलं, मग फोन करून सांग. केला खरोखर. बायला ऐकू येईना, सुनेनं कानाशी ओरडून सांगितलं. पलीकडून जरा वेळानं उत्तर आलं, सातवा आखूड झाला होता.